खातं मिळालं, आता अभ्यास करा

१५ डिसेंबर २०२४ ला नागपूरच्या राजभवनावर ३९ मंत्र्यांनी शपथ घेतली. दुसऱ्या दिवशी हिवाळी अधिवेशन सुरू झालं आणि २१ तारखेला संपलं. खातेवाटप जाहीर झालं ते त्याच २१ तारखेच्या रात्री.

निकाल लागला होता २३ नोव्हेंबरला. जवळपास महिना गेला. कापूस घरात येऊन पडला होता, सोयाबीनच्या भावाची ओरड सुरू होती, आणि विदर्भाच्या प्रश्नांसाठी म्हणून भरवलेल्या अधिवेशनात उत्तर द्यायला कृषिमंत्री नव्हता. आरोग्यमंत्री नव्हता, शिक्षणमंत्री नव्हता, पाणीपुरवठा मंत्रीही नव्हता. सभागृहात मंत्री बसले होते, पण कुठल्या खात्याचा अभ्यास करून यायचं हे त्यांच्यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं.

त्याआधी २०२२ साली तर ३० जून ते ९ ऑगस्ट असे ४० दिवस महाराष्ट्राचं मंत्रिमंडळ दोन माणसांचं होतं. जुलैमध्ये वर्धा, चंद्रपूर, गडचिरोली पाण्याखाली होते. तेव्हाही कृषी, मदत व पुनर्वसन, आरोग्य या खात्यांना स्वतंत्र मंत्री मिळायचे होते.

असं काही घडलं की एक मागणी हमखास येते. आरोग्यमंत्री डॉक्टर हवा, शिक्षणमंत्री शिक्षक हवा, जलसंपदा मंत्री अभियंता हवा, कृषिमंत्री कृषी पदवीधर हवा. चहाच्या टपरीवर हे बोललं जातं आणि वृत्तवाहिन्यांच्या चर्चेतही. मागणीमागची चीड खरी आहे. मागणी मात्र चुकीची आहे, आणि ती चुकीची असल्यामुळेच सरकारं सहज निसटतात. ‘आमच्याकडे एक डॉक्टर मंत्री आहे’ एवढं सांगितलं की विषय मिटतो. दवाखान्यात औषध नसतंच.

मंत्र्याकडे पदवी हवी की नको, हा वाद सोडून द्या. मला त्याच्याकडून तीन गोष्टी हव्यात. त्याने खातं शिकावं, जाणकाराला जाणकाराच्या खुर्चीवर बसवावं, आणि सभागृहात स्वतःच्या तोंडाने उत्तर द्यावं. यातलं एकही काम पदवीने होत नाही.

यशवंतराव चव्हाण २१ नोव्हेंबर १९६२ ला संरक्षणमंत्री झाले. शिक्षणाने वकील, कारकीर्द सगळी राज्यातली. सैन्याशी संबंध काय, तर काही नाही. त्यांच्या आधीचे कृष्ण मेनन बुद्धीने कुणापेक्षाही कमी नव्हते. वाचन दांडगं, वक्तृत्व जगभर गाजलेलं, खात्याची माहिती भरपूर. देशातच शस्त्रं बनवावीत हा त्यांचा आग्रहही योग्य होता. पण सेनाधिकाऱ्यांशी त्यांचं इतकं बिनसलं की १९५९ साली लष्करप्रमुख जनरल थिमय्यांनी राजीनामा दिला. नेहरूंनी तो मागे घ्यायला लावला, तरी तुटलेलं सांधलं गेलं नाही. तीन वर्षांनी, चीनच्या युद्धात, त्याची किंमत हिमालयात मोजावी लागली.

चव्हाणांनी काय केलं? तिन्ही दलांच्या प्रमुखांना आणि संरक्षण सचिवांना नियमित सकाळी भेटायला सुरुवात केली. समोर बसायचं, ऐकायचं, विचारायचं. लढाई कशी लढायची हे त्यांनी सेनापतींना सांगितलं नाही. सेनापतींना काय लागतं, ते का मिळत नाही, पैसा कुठे अडतो, हे विचारलं. त्यातून १९६४ ते १९६९ या काळाची देशाची पहिली पंचवार्षिक संरक्षण योजना उभी राहिली. सैन्याचं बळ सव्वाआठ लाखांवर नेण्याचं ठरलं. १ सप्टेंबर १९६५ ला छांबमध्ये पाकिस्तानी रणगाडे घुसले आणि हवाईदल वापरायची परवानगी मागायला एअर मार्शल अर्जन सिंग चव्हाणांकडे आले, तेव्हा होकार तिथेच मिळाला. त्याच संध्याकाळी विमानं उडाली. इतका मोठा निर्णय इतक्या थोड्या वेळात घेता आला, कारण समोरचा माणूस काय म्हणतो आहे हे समजून घ्यायला या मंत्र्याने जवळपास तीन वर्षं दिली होती.

तीन वर्षं. हा आकडा लक्षात ठेवा, कारण आता महाराष्ट्राच्या कृषी खात्याकडे येतो.

ऑगस्ट २०२२ मध्ये अब्दुल सत्तार कृषिमंत्री झाले. जुलै २०२३ मध्ये धनंजय मुंडे. डिसेंबर २०२४ मध्ये माणिकराव कोकाटे. ३१ जुलै २०२५ ला दत्तात्रय भरणे. तीन वर्षांच्या आत चार. शेवटची अदलाबदल तर पाहा. कोकाटे सभागृहात मोबाइलवर रमी खेळत होते असा आरोप झाला, त्यांनी तो फेटाळला, गदारोळ वाढला. मग कृषी खातं भरण्यांकडे गेलं आणि भरण्यांचं क्रीडा खातं कोकाट्यांकडे आलं. शेतीतून क्रीडेत, क्रीडेतून शेतीत. निर्णयाच्या दिवशी सगळी चर्चा एवढीच होती की कोकाट्यांना शिक्षा झाली की अभय मिळालं. भर खरिपात खात्याचा मंत्री बदलला, त्याचं शेताच्या बांधावर काय होणार, हे विचारणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. क्रीडा खात्याचं काय होणार हे तर कुणीच विचारलं नाही. गावोगावच्या तालमी आणि अर्धवट पडलेली तालुका क्रीडा संकुलं यांनाही एक मंत्री लागतो.

त्याआधी याच कोकाट्यांनी कृषी खात्याला ‘ओसाड गावची पाटीलकी’ म्हटलं होतं. ज्या राज्यात निम्म्याहून जास्त माणसं शेतीवर पोट भरतात, त्या राज्याचा कृषिमंत्री आपल्या खात्याबद्दल हे बोलतो.

या खेळात काय जातं ते एका योजनेवरून पाहा. एक रुपयात पीक विमा. मार्च २०२३ च्या अर्थसंकल्पात घोषणा झाली तेव्हा कृषिमंत्री सत्तार. त्या खरिपात ती राबवली गेली तेव्हा मुंडे. बोगस अर्जांचा बोभाटा होऊन २०२५ च्या खरिपाआधी ती बंद झाली तेव्हा कोकाटे. योजना आखताना बोगस अर्जांचा विचार का झाला नाही, पडताळणी कुणी करायची होती, पहिल्याच हंगामात तक्रारी आल्यावर काय केलं, हे आता कुणाला विचारायचं? प्रत्येकाला खरोखरच म्हणता येतं की ते माझ्या काळातलं नाही. मंत्री इतक्या वेगाने बदलले की जबाबदारीला चिकटायला माणूसच उरत नाही.

ओसाड गावची पाटीलकी म्हणजे काय, हे सी. सुब्रमण्यम यांना विचारायला हवं होतं. ते १९६४ साली केंद्रात अन्न व कृषिमंत्री झाले. आधी पोलादमंत्री होते. त्या काळात भिलाई-राउरकेल्याचं पोलाद खातं म्हणजे मानाचं खातं, आणि कृषी म्हणजे अमेरिकेच्या गव्हाच्या जहाजांची वाट पाहत शिव्या खायचं खातं. सुब्रमण्यम पदार्थविज्ञानाचे पदवीधर आणि वकील. गव्हाच्या वाणांचं शास्त्र त्यांना कुठून येणार? त्यांनी पहिल्यांदा ते कुणाला येतं ते शोधलं. भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या प्रमुखपदी तोवर सनदी अधिकारी बसत. १९६५ साली तिथे पहिल्यांदा एक शास्त्रज्ञ आला, डॉ. बी. पी. पाल. सचिव म्हणून बी. शिवरामन यांच्यासारखा खमका अधिकारी घेतला. एम. एस. स्वामिनाथन आणि नॉर्मन बोरलॉग काय सांगतात ते ऐकलं. १९६५ च्या सुरुवातीलाच अन्न महामंडळ आणि कृषी मूल्य आयोग उभे राहिले. मग १९६६ साली मेक्सिकोहून १८,००० टन गव्हाचं बियाणं आणलं. शेतकऱ्याला चांगला भाव द्यायला अर्थखात्याचा विरोध होता, आयात बियाण्याला डाव्यांचा विरोध होता. शास्त्रज्ञ त्या विरोधाला पुरे पडले नसते. तिथे मंत्रीच लागतो. खात्यातलं ज्ञान मंत्रिमंडळाच्या बैठकीपर्यंत पोचवायचं आणि त्यासाठी सहकाऱ्यांशी भांडायचं, हे काम मंत्र्याशिवाय कुणी करू शकत नाही.

डॉ. आंबेडकरांचं उदाहरण याहून जुनं आणि मला याहून जवळचं. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते मजूरमंत्री होते. त्या खात्यात पाटबंधारे आणि वीजही येत होती. बाबासाहेब अर्थशास्त्रज्ञ आणि कायदेपंडित होते, अभियंते नव्हते. तरी १९४३ च्या पुरानंतर दामोदर खोऱ्याचा जो विचार झाला, एका नदीकडे पूर, वीज, सिंचन, वाहतूक असं एकत्र पाहण्याचा, तो त्यांच्या खात्यात झाला. अमेरिकेतल्या टेनेसी खोऱ्याचा नमुना समोर ठेवला, तिथला जाणकार अभियंता बोलावला, बंगाल आणि बिहार या दोन प्रांतांना एका टेबलाशी बसवलं. १९४५ साली केंद्रात जलआयोग स्थापन झाला. आजचा केंद्रीय जल आयोग तो हाच. ज्या विषयाची पदवी नाही त्या विषयावरचे अहवाल एखादा मंत्री रात्रभर बसून वाचू शकतो, हे यातून दिसतं. आपल्या मंत्र्यांच्या केबिनमध्ये बाबासाहेबांची तसबीर असते. त्यांचा हा मजूर खात्याचा काळ वाचलेले किती?

उलट बाजूही सांगायला हवी. तज्ज्ञ मंत्री झाले आणि देशाचं भलं झालं, हेही घडलेलं आहे. महाडजवळच्या नाते गावात जन्मलेले चिंतामणराव देशमुख रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि १९५० पासून देशाचे अर्थमंत्री. १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी त्या खुर्चीवर पाणी सोडलं, तेव्हा महाराष्ट्राला कळलं की हिशेबाचा माणूस कण्याचाही असू शकतो. डॉ. मनमोहन सिंग जून १९९१ मध्ये अर्थमंत्री झाले तेव्हा संसदेच्या कोणत्याही सभागृहाचे सदस्य नव्हते. आसाममधून राज्यसभेवर आले ते ऑक्टोबरमध्ये. सदस्य नसलेल्यालाही सहा महिने मंत्री राहता येतं, ही राज्यघटनेची तरतूद तेव्हा कामी आली. तिजोरीत दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतं परकीय चलन उरलं होतं. अशा वेळी रिझर्व्ह बँक चालवलेला माणूस हवाच होता. पण त्यांच्या पाठीशी नरसिंह राव उभे राहिले नसते, तर २४ जुलैचा अर्थसंकल्प त्यांच्या टेबलावरच राहिला असता.

म्हणजे तज्ज्ञाला दार उघडं आहे. घटनेने तेवढं एकच दार ठेवलेलं नाही. आपल्या विधान परिषदेत राज्यपालनियुक्त १२ जागा आहेत, त्या साहित्य, विज्ञान, कला, सहकार चळवळ आणि समाजसेवा यांतल्या जाणकारांसाठी. या वाटेने एखादा पाणीतज्ज्ञ, एखादी शिक्षणतज्ज्ञ सभागृहात येऊ शकते, मंत्रीही होऊ शकते. या जागांचं काय झालं? नोव्हेंबर २०२० मध्ये महाविकास आघाडीने १२ नावं पाठवली. राज्यपालांनी ती दाबून ठेवली. २०२२ मध्ये सरकार बदललं, यादी मागे घेतली गेली. अखेर १५ ऑक्टोबर २०२४ ला, म्हणजे निवडणूक जाहीर झाली त्याच दिवशी, सात जणांना शपथ दिली गेली, आणि त्यात बहुतेक सत्ताधारी पक्षांचे पदाधिकारी. घटनाकारांनी ज्ञानासाठी ठेवलेली जागा पक्षांनी तिकीट हुकलेल्यांसाठी वापरली. यात सगळे पक्ष सामील आहेत. एकालाही सोडायला मी तयार नाही.

त्या सातांपैकी एक हेमंत पाटील. ते हिंगोलीचे खासदार होते तेव्हाची गोष्ट इथे सांगणं भाग आहे. सप्टेंबर २०२३ च्या अखेरीस नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले. त्यात १२ नवजात बाळं होती. खासदार तिथे गेले आणि त्यांनी प्रभारी अधिष्ठात्यांना शौचालय साफ करायला लावलं. कॅमेरे होते. पुढे गुन्हाही दाखल झाला. शौचालय घाण होतंच. पण बाळं दगावली त्या विभागात खाटा किती होत्या आणि बाळं किती होती, परिचारिकांची किती पदं रिकामी होती, औषधखरेदीची मागणी कधी पाठवली आणि ती कुठे थांबली, हे विचारायला अभ्यास लागतो. झाडू द्यायला लागत नाही.

इथे आरोग्य खात्याची रचना समजून घ्या, कारण बहुतेक मंत्र्यांना ती पहिले सहा महिने उमगत नाही. महाराष्ट्रात प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, जिल्हा रुग्णालय हे सार्वजनिक आरोग्य विभागाकडे. वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाकडे. महापालिकेचं रुग्णालय नगरविकासाच्या छत्राखाली. ऑगस्ट २०२३ मध्ये कळव्याच्या रुग्णालयात २४ तासांत १८ जण गेले, ते ठाणे महापालिकेचं. नांदेडचं वैद्यकीय शिक्षणाचं. रुग्ण मात्र एकच असतो. तो तालुक्याहून जिल्ह्याला आणि जिल्ह्याहून महाविद्यालयात पाठवला जातो, आणि प्रत्येक दारावर खातं बदलतं. औषधं घ्यायची पद्धतही अशीच हिंडली. आधी प्रत्येक जण आपापली घेत होता, मग हाफकिन महामंडळाकडे खरेदी गेली, २०२३ साली स्वतंत्र खरेदी प्राधिकरणाचा कायदा झाला. तमिळनाडूने यासाठी वैद्यकीय सेवा महामंडळ काढलं ते १९९४ साली. आपल्याला २९ वर्षं लागली. त्या २९ वर्षांत आपल्याकडे डॉक्टर आरोग्यमंत्रीही होऊन गेले. चेन्नईला जाऊन दोन दिवस ती गोदामं पाहायला डॉक्टर असावं लागत नव्हतं.

शाळेतल्या हिंदीचं प्रकरण थोडक्यात. १६ एप्रिल २०२५ ला पहिलीपासून हिंदी अनिवार्य करणारा शासन निर्णय निघाला. १७ जूनला शब्द बदलून दुसरा. २९ जूनला दोन्ही रद्द आणि नवी समिती. सरकारची स्वतःची भाषा सल्लागार समिती होती. तिचे अध्यक्ष लक्ष्मीकांत देशमुख यांना या निर्णयाविरुद्ध मुख्यमंत्र्यांना पत्र लिहावं लागलं. सरकारने ज्यांना भाषेचे जाणकार म्हणून नेमलं, त्यांनाच भाषेच्या निर्णयात विचारलं नाही. अशा ठिकाणी शिक्षणमंत्री निवृत्त मुख्याध्यापक असता तरी काय फरक पडला असता?

आता सचिवांविषयी. ‘खातं सचिवच चालवतात’ हे वाक्य मंत्रालयात सगळे बोलतात आणि मंत्री ते ढालीसारखं वापरतात. १९५७ साली आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडांच्या सहा कंपन्यांचे सव्वा कोटींच्या आसपासचे शेअर घेतले. फिरोज गांधींनी लोकसभेत ते बाहेर काढलं. अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी हे स्वतः उद्योगातले, पैशाचे व्यवहार कोळून प्यायलेले. त्यांनी जबाबदारी सचिवांवर टाकली. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी मुंबईत उघडी चौकशी केली, लोक गर्दी करून ऐकायला येत. छागलांनी स्वच्छ सांगितलं की सचिवाने केलेल्या कामाची घटनात्मक जबाबदारी मंत्र्याचीच. फेब्रुवारी १९५८ मध्ये कृष्णम्माचारी गेले. विषय त्यांना सचिवांपेक्षा जास्त कळत होता. त्याने त्यांचा बचाव झाला नाही, आणि होऊ नये.

त्या अहवालाला सहा दशकं उलटून गेली. आज विधानसभेत तारांकित प्रश्नाला काय उत्तरं येतात? ‘माहिती घेऊन सांगतो.’ ‘पटलावर ठेवतो.’ ‘तपासून घेऊ.’ लक्षवेधी लागते, मंत्र्याची तयारी नसते, लक्षवेधी राखून ठेवली जाते. अधिकाऱ्यांच्या दीर्घेतून चिठ्ठी येते आणि ती चिठ्ठी सभागृहात वाचली जाते. ज्या आमदाराने रात्री जागून प्रश्न काढला त्याला उपप्रश्नाचं उत्तर मिळत नाही, कारण उपप्रश्नाची चिठ्ठी अजून आलेली नसते.

आम्ही पत्रकारही यात दोषी आहोत. खातेवाटप झालं की आमचे मथळे ठरलेले: कोण नाराज, कुणाचं वजन वाढलं, मलईदार खाती कुणाकडे. पालकमंत्रिपदाच्या वादावर आम्ही महिनोन्महिने लिहितो. नव्या मंत्र्याला पहिल्याच दिवशी गाठतो आणि विचारतो, ‘तुम्हाला गृह हवं होतं ना?’

माझी मागणी साधी आहे. शपथेबरोबर खातं जाहीर करा. खातं दिलं की अडीच-तीन वर्षं तरी हलवू नका. मंत्री नालायक ठरला तर घरी पाठवा, दुसऱ्या खात्यात पाठवू नका. आणि खातं मिळाल्यापासून तीन महिन्यांत त्या मंत्र्याने सभागृहात उभं राहून, हातात कागद न घेता, तासभर खात्यावर बोलावं आणि दोन तास प्रश्न घ्यावेत. लंडनच्या संसदेत मंत्र्याला प्रवर समितीपुढे बसून अशी झडती द्यावी लागते. आपल्या संसदेत १९९३ पासून खातेनिहाय स्थायी समित्या आहेत, पण त्यांच्यापुढे सचिव येतात. मंत्र्याला बोलावलं जात नाही. ही पद्धत बदलायला हवी, दिल्लीत आणि मुंबईतही.

पण त्याची वाट पाहत बसायचं कारण नाही. पुढचं अधिवेशन येतंच आहे. आमदारांनो, कृषिमंत्र्यांना विचारा की पीक कापणी प्रयोग कोण करतं, मंडळात किती होतात आणि त्यावरून विम्याची भरपाई कशी ठरते. आरोग्यमंत्र्यांना विचारा की गावातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सर्पदंशावरचं प्रतिविष संपलं तर नवी कुपी कुठल्या गोदामातून, किती दिवसांत येते. शिक्षणमंत्र्यांना विचारा की वीसपेक्षा कमी पटाच्या शाळेतल्या मुलांचं काय ठरवलंय. ही पहिल्या इयत्तेची प्रश्नपत्रिका आहे. आणि पत्रकार दीर्घेतल्या मित्रांनो, उत्तर चिठ्ठीवरून वाचलं गेलं तर बातमीच्या पहिल्या ओळीत तसं छापा, मंत्र्याच्या नावासकट.